हौदाचं ठरवलंय

पुणे, गुरुवार

ती. आई आणि अण्णा,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर अण्णांनी फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. परसातला हौद बुजवायला मी मिस्त्री ठरवलाय. रविवारी येईल. ॲडव्हान्सही दिलाय.

रागावू नका. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा त्या हौदानंच आपल्याला तारलं, विसरले नाही. त्याच्या कट्ट्यावर बसवून तुम्ही माझे चिखलाचे पाय घासायचात, तेही नाही. कट्टा तेवढा ठेवायला सांगितलाय, संध्याकाळी तुम्हाला टेकायला लागतो.

पण अण्णा, "मला झालाय डेंगू एकदा, गल्लीत घरटी झालाय, आता येतोय कुठला" हे बंद करा. गोवराचं तसं असतं. डेंगूचे चार प्रकार आहेत. जो होऊन गेला तो सहसा परत होत नाही, बाकीच्या तिघांपासून आडोसा मात्र काही महिन्यांचाच. एका साली एक फिरतो, पुढं दुसरा शिरतो, की अख्खी गल्ली पुन्हा त्याच्या तावडीत. आणि दुसऱ्या खेपेला तो जास्त बिघडू शकतो. तुमची ती दुसरी खेप असेल हो.

झाकण आहे, मान्य. पण कोपऱ्यातल्या फटीतून दिवाळीत मी बॅटरी मारली, डासांच्या अळ्या वळवळत होत्या. पाणी उपसूनही भागत नाही. अंडी भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात, पाणी चढलं की फुटतात.

घट्ट झाकणाची हजार लिटरची टाकी शनिवारी येतेय. नळ आठ दिवसांनी सुटला तरी रोज १२५ लिटर, दोघांना बक्कळ. आई, तोटी तुझ्या कमरेच्या उंचीला घेतलीय, आता वाकून बादली उपसायची नाही.

रांजण दर आठवड्याला घासून सुकवायचा, नुसता विसळायचा नाही. डेंगूचा डास दिवसा चावतो, दुपारी बाजेवर उघड्या अंगानं पडायचं नाही. ताप आला तर पॅरासिटामॉलच, अंगदुखीची ती दुकानातली गोळी नाही. ताप उतरला म्हणून सुटलो समजू नका. त्याच सुमाराला पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर तडक दवाखाना, मग मला फोन.

अण्णा, मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवायचं नाही. न्हाणीच्या फरशीला तेच केलं होतंत.

तुमची,
बेबी