पिस्टन का जळला, हे विचारणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही दुरुस्त केलेलं माझ्या जुन्या जावा मोटरसायकलचं इंजिन सुरू झालं त्या दिवशी मी आभार मानायला लागलो, तर तुम्ही मला प्लग काढून रंग बघायला सांगितलंत आणि विषय तिथेच राहिला. म्हणून आता लिहितो आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण जुनी टू-स्ट्रोक गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला तुमची पद्धत कळावी असं मला फार वाटतं.

माझी जावा २५०, टाइप ३५३, तुमच्याकडे आली तेव्हा तिचा आजार जुना झाला होता. थंड असताना एका किकमध्ये सुरू, सपाट रस्त्यावर तक्रार नाही. लांब चढ लागला की इंजिनाचा आवाज कोरडा व्हायचा, ओढ कमी व्हायची आणि पिस्टन जॅम. त्याआधी ज्या गॅरेजमध्ये ती जायची तिथे उपाय ठरलेला होता : ब्लॉक रीबोअर करायचा (सिलिंडरचं भोक किंचित मोठं करायचं), पुढच्या साइजचा पिस्टन टाकायचा, पेट्रोलमध्ये ऑइल वाढवायचं. ६५ मिलिमीटरच्या मूळ बोअरला अशा किती साइज झेपणार? चांगला जुना ब्लॉक मिळवणं हे पिस्टन मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. त्यामुळे नवा पिस्टन घेऊन तुमच्यासमोर उभा होतो तेव्हा खरं तर मी घाबरलेलो होतो.

तुम्ही त्या नव्या पिस्टनचं खोकं उघडलंदेखील नाही. जुना कुठे आहे, असं विचारलंत. नशिबाने तो फेकलेला नव्हता.

त्यानंतर तुम्ही जे दाखवलंत ते मला कोणत्याही मॅन्युअलमध्ये इतकं स्पष्ट सापडलेलं नाही. पिस्टनवरचे ओरखडे कुठे आहेत ते आधी बघायचं. चारही बाजूंना सारखे असतील तर क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) कमी पडला किंवा थंड इंजिन एकदम पळवलं असा संशय घ्यायचा. माझ्या पिस्टनवर ते एक्झॉस्टच्या बाजूला दाट होते. म्हणजे जी बाजू आधीच सगळ्यात जास्त तापते, तिथली ऑइलची फिल्म तुटली होती. मग तुम्ही पिस्टन उलटा केलात. माथ्याच्या आतल्या बाजूला, मधोमध, ऑइल जळून काळा कडक डाग पडला होता, आणि वरच्या बाजूला त्याच जागी धातू पांढुरका, खडबडीत झाला होता. आणखी थोडं चालवलं असतं तर तिथे भोक पडलं असतं. प्लगही पांढरा. तुम्ही एवढंच म्हणालात, "हिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय. कुठून, ते कळेपर्यंत नवा पिस्टन बसवायचा नाही."

या एका वाक्यासाठी मी तुमचा कायमचा ऋणी आहे. दुसऱ्या कुणीही सहज पिस्टन बसवून दिला असता, आणि मी आनंदाने घेऊन गेलो असतो.

ऑइल वाढवण्याचा उपाय कसा उलटा पडतो तेही तुम्हीच समजावलंत. कार्बोरेटरच्या जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) जाणाऱ्या मिश्रणात ऑइलचा वाटा वाढला की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल घटतं. म्हणजे इंजिन आणखी लीन होतं, पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

कार्बोरेटर तुम्ही तपासलात, पेट्रोल कमी पडावं असा दोष त्यात निघाला नाही. तेव्हा तुम्ही क्रँककेसकडे, म्हणजे पिस्टनखाली क्रँक (इंजिनाचा फिरता शाफ्ट) असलेल्या बंद कप्प्याकडे वळलात. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना क्रँककेस पेट्रोल आणि हवा ओढून घेते, खाली येताना तेच मिश्रण दाबून वर पाठवते. क्रँकच्या दोन्ही टोकांच्या ऑइल सीलना म्हणून ओढही झेलावी लागते आणि दाबही. प्रायमरीच्या (क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या) बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं. त्याचा पांढरा धूर दिसतो, ऑइलची पातळी उतरते, माणूस वेळीच सावध होतो. डायनमोच्या बाजूचं सील गेलं तर मात्र नुसती कोरडी हवा आत येते. ना धूर, ना थेंब. थ्रॉटल सोडल्यावरही रेस पटकन न उतरणं, एवढीच काय ती चालवताना कळणारी खूण असते. माझी गाडी तेच करत होती, आणि सगळे आयडलिंगचा स्क्रू फिरवून तेवढ्यापुरतं भागवत होते.

तुमची चाचणी मी आता ज्याला त्याला सांगतो. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून धूर बाहेर जाण्याची तोंडं) आणि कार्बोरेटरची जागा जाड रबर लावून पट्ट्यांनी बंद केली. प्लगच्या जागी व्हॉल्व्ह बसवून हातपंपाने सुमारे ६ पीएसआय दाब भरला. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरायला नको, असं तुम्ही सांगितलंत, आणि आमच्या डोळ्यांसमोर दाबाचा काटा सरळ खाली आला. सीलपर्यंत पोचायला क्रँकच्या टोकावरचं डायनमोचं आर्मेचर तुम्ही पुलर बोल्टनेच (ओढून काढणाऱ्या बोल्टने) काढलंत. तिथे हातोडा घातला तर प्रेसफिट (दाबून जोडलेला) क्रँक जागेवरून हलतो, हे सांगताना तुमचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. साबणाचं पाणी लावलं आणि सीलच्या कडेने फेस फुगायला लागला.

मला वाटलं, झालं, सील बदलू. तुम्ही क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवलंत. मेन बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) होता. शाफ्ट हलतो म्हणून सीलची धार घासली गेली होती, नवंही तसंच जाणार होतं. इथून काम वाढलं. केस उघडणं, बेअरिंग बदलणं, क्रँक सेंटरवर धरून तो सरळ फिरतो का ते डायल गेजने तपासणं. केस साधारण १०० अंशांपर्यंत तापवल्यावर थंड बेअरिंग न ठोकता आपल्या वजनाने खाली बसताना पाहिलं, ते पुन्हा पुन्हा आठवतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं हे शाळेत शिकलो होतो, त्याचा उपयोग तिथे दिसला.

पिस्टनच्या तुटलेल्या रिंगचा (पिस्टनभोवतीच्या कडीचा) तुकडाही तुम्ही वाया जाऊ दिला नाहीत. तो पोर्टसमोर धरलात आणि माझं बोट पोर्टच्या कडेवरून फिरवलंत. कड पात्यासारखी धारदार होती. रीबोअर केल्यावर पोर्टच्या कडा मारायच्या असतात, ते आधीच्या कामात राहून गेलं होतं. रिंग पोर्टवरून जाताना किंचित बाहेर फुगते, अशा कडेला अडकते आणि तुटते. म्हणजे एकाच इंजिनात दोन वेगळे दोष होते आणि दोन्ही वेळा दोष पिस्टनला दिला जात होता. तुम्ही कडा हाताने गोल केल्यात, नव्या रिंगा बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने (पातळ मापपट्टीने) गॅप मोजलात, गजन पिनचे (पिस्टन आणि कॉन्रॉड जोडणाऱ्या पिनचे) लॉक नवे घातलेत. जुने लॉक दिसायला चांगले असले तरी परत वापरायचे नाहीत, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. शेवटी सगळं जुळवून पुन्हा दाब भरलात. काटा जागेवर राहिला तेव्हाच कार्बोरेटर चढवू दिलात, आणि आधी कुणीतरी मोठा घातलेला मेन जेट काढून मूळ मापाचा बसवलात.

काका, जुन्या गाड्यांबद्दल हळवं बोलणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही तसं काही बोलला नाहीत. पण कॉन्रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) सरळ आहे का हे बघताना पिनखाली ठेवलेल्या दोन्ही पट्ट्यांत फिलर गेज सारखाच अडकतो आहे याची खात्री होईपर्यंत तुम्ही दिव्याखाली वाकून राहिलात, आणि मला घाई आहे का असं एकदाही विचारलं नाहीत. त्या गाडीची इतकी कदर माझ्याखेरीज कुणी करेल असं मला वाटलं नव्हतं. कामाचे पैसे मी दिले. दुरुस्ती चालू असताना मला शेजारी बसवून प्रत्येक भाग हातात दिलात, त्याची किंमत मला करता येणार नाही.

गाडी चढावर चालते आहे. थ्रॉटल सोडला की रेस लगेच उतरते. प्लग फिकट तपकिरी आहे, तुम्ही सांगितलं होतं तसाच. रनिंग-इन (सुरुवातीचं सावकाश चालवणं) संपल्यावर हेडचे नट गार इंजिनवर पुन्हा कसायचे आहेत, ते तुमच्यासमोरच करेन. चाचणीच्या पट्ट्यांचे दोन जोड मी करून घेतले आहेत, नव्या रबरासकट. तुमची रबरं कडक झाली आहेत, म्हणून येताना एक जोड तुमच्यासाठी आणतो. दुसरा एका मित्राला दिला आहे. त्याचीही गाडी चढावर जॅम होते आणि त्याने नवा पिस्टन मागवला होता.

आपला कृतज्ञ,
३५३ वाला