लोकॅलिटीचा हिशेब शिकवल्याबद्दल

आदरणीय महोदय,

स. न. वि. वि.

टीपीएम चिपच्या (संगणकातल्या गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपच्या) ड्रायव्हरसाठी, म्हणजे तिच्याशी बोलणाऱ्या कोडसाठी, मी पाठवलेला पॅच (कोडमधला बदल) तुम्ही बारकाईने तपासलात, नाकारलात आणि का नाकारला हे एका अनोळखी माणसाला समजावण्यासाठी दोन संध्याकाळी खर्ची घातल्यात, त्याबद्दल हे जाहीर आभार. नाव न घेण्याची तुमची सूचना पाळली आहे.

या चिपला ० ते ४ अशा पाच लोकॅलिटी, म्हणजे तिच्याशी बोलण्याचे वेगवेगळ्या हक्कांचे मार्ग, असतात, एका वेळी त्यांतली एकच सक्रिय राहते आणि आपला ड्रायव्हर लोकॅलिटी ० मागून, काम उरकून ती सोडतो, एवढे मला ठाऊक होते. तरीही कमांड चालू असताना कधीतरी स्टेटस रजिस्टरमधून (चिपची सद्यस्थिती सांगणाऱ्या जागेतून) आठही बिट १ असलेला बाइट येई. चिप संथ आहे असे गृहीत धरून मी दोन वाचनांमध्ये २० मिलिसेकंदांचा थांबा घातला, चूक विरळ झाली आणि तेवढ्यालाच मी दुरुस्ती म्हणून मोकळा झालो.

तुम्ही मात्र थांब्याबद्दल बोललाच नाहीत. जे बिट नेहमी शून्यच असले पाहिजेत तेही १ कसे, असे तुम्ही विचारलेत. लोकॅलिटी हातात नसताना स्टेटस वाचले की असा बाइट येतो, हे त्या प्रश्नामुळे लक्षात आले, आणि लोकॅलिटी मध्येच सोडणारा माझाच इंटरप्ट हँडलर (चिपने इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा इशारा, दिला की चालणारा कोड) निघाला. इंटरप्टची नोंद पुसण्यासाठी तो लोकॅलिटी मागे, ती आधीच घेतलेली असल्याने त्याला लगेच होकार मिळे, आणि काम झाल्यावर तो ती सोडून देई. मुख्य थ्रेड (कमांड पाठवणारा, स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) अजून उत्तराची वाट पाहत आहे, याचा त्याला पत्ताच नसे.

लोकॅलिटी या क्षणी किती जण वापरत आहेत याची मोजणी ठेवा, असे तुम्ही सुचवलेत: आकडा ० असताना येणाऱ्यानेच चिपकडे मागणी करायची, आकडा पुन्हा ० वर आणणाऱ्यानेच ती खरोखर सोडायची, मधल्यांनी फक्त आकडा हलवायचा. ऐकायला सोपे वाटले, पण पहिल्या प्रयत्नात मी म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) फक्त आकड्याभोवती ठेवला. आकडा १ झाला आहे पण चिपने अजून होकार दिलेला नाही, नेमक्या त्या फटीत दुसरा थ्रेड शिरला तर तो नसलेल्या हक्कावर रजिस्टर वाचेल, हे तुम्ही ओळीओळीने दाखवलेत. मागणी फसली तर आकडा वाढता कामा नये, हेही त्याच वेळी.

सर्वांत मोलाचा ठरला तुमचा एक नकार. कमांडसाठी म्यूटेक्स आधीच आहे, तोच येथे वापरू, असे मी म्हटले होते (काटकसर म्हणून, आता हसू येते). तो म्यूटेक्स धरून मुख्य थ्रेड इंटरप्टची वाट पाहणार आणि हँडलर त्याच म्यूटेक्ससाठी ताटकळणार, म्हणजे टाइमआउट होईपर्यंत दोघेही अडकणार. म्हणून मोजणीला स्वतंत्र म्यूटेक्स दिला आणि म्यूटेक्ससाठी झोपावे लागू शकते म्हणून हँडलर थ्रेडेड केला, म्हणजे त्याला थांबता येईल अशा स्वतःच्या थ्रेडमध्ये चालवला.

थांबा काढून टाकलेला नवा पॅच सोबत पाठवत आहे. मशीन सस्पेंड होताना आकडा ० वर आलेला असतो का, ही तपासणी अद्याप बाकी आहे; सवड मिळाल्यास त्या भागावर आधी नजर टाकावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
पॅच पाठवणारा