स्वतःची काडतुसं माझ्या हातावर ठेवणाऱ्या आजोबांना

आजोबा, सप्रेम नमस्कार.

तिथे तुम्हाला ‘थँक यू’ म्हणालो, पण तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. म्हणून हे मराठीत, मनातलं सगळं.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या खाजगी शिकारक्षेत्रावर मी माझी इथाका कंपनीची दुनळी बंदूक घेऊन आलो होतो. सोळा बोअरची, दुसऱ्या महायुद्धाआधीची. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, “काडतूस आत बसतंय ना? मग बिनधास्त उडवा.” दुसऱ्या एका क्षेत्रावर तर कुणी ती उघडूनही पाहिली नाही, ‘संग्रहालयात ठेवा’ म्हणून हसले फक्त. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, माणसाचा हात जातो, डोळा जातो अशाने!

तुम्ही पहिला बार उडायच्या आतच थांबवलंत. नळीत माप सरकवून दाखवलंत: काडतुसाचं घर अडीच इंचाहून जेमतेम लांब, आणि माझी काडतुसं हल्लीची, पावणेतीन इंची. ती बसतात, कारण तोंडाची घडी मिटलेली असते. बार झाला की घडी उलगडते, पुढे नळी अरुंद झालेली, आणि दाब भलताच चढतो.

दिवस फुकट गेला असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात तुम्ही तुमची पार्कर बंदूक उघडलीत, आतली दोन्ही काडतुसं काढलीत आणि माझ्या तळहातावर ठेवलीत. आखूड, कमी दाबाची, कागदी नळकांड्याची. मग जाकिटाच्या खिशातलीही सगळी दिलीत. त्यानंतर दिवसभर रिकामी, उघडी दुनळी हातावर टाकून माझ्याबरोबर चालत राहिलात. तुमची सेटर जातीची शिकारी कुत्री झुडपापाशी थिजली की नुसती मान हलवायचात, ‘व्हा पुढे’. पहिला फेझंट पक्षी पडला तेव्हा माझ्याआधी तुमचा चेहरा फुलला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, ते योग्यच झालं असं मी मानतो. तिथले पक्षी पाळून सोडलेले असतात, तरी त्यावरून आमच्या घरात वाद होतातच. पण अनोळखी माणसासाठी स्वतःचा दिवस असा सहज सोडून देणारे तुमच्यासारखे लोक शिकारीत असोत वा बाजारात, त्यांच्यामुळेच जगात वावरताना धीर वाटतो.

घर कोरून लांब करू नका, नळी पातळ होते, असं म्हणाला होतात. नाही केलं. आखूड काडतुसांची पेटी मागवली आहे, त्यातली निम्मी तुमची. पुढच्या मोसमात आधी तुमची पार्कर भरायची.

तुमचा ऋणी