कॅमेऱ्याला तेल पाजू नका

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत तरुण मंडळी पुन्हा रोलच्या कॅमेऱ्याकडे वळल्याचा लेख वाचला. बरे वाटले. पण ‘शटर अडकत असेल तर थेंबभर तेल सोडावे’ हा त्यातला सल्ला वाचला आणि हे पत्र लिहायला बसलो.

चिपळुणात माझा बत्तीस वर्षे स्टुडिओ होता. लग्नाचे सगळे काम याशिका मॅट १२४ जी या रोलच्या कॅमेऱ्यावर. एका रोलमध्ये बाराच चौकोनी फोटो, म्हणून मंगलाष्टकांना दोन, पंगतीला एक, असा हिशेब. २०२१च्या पुरात बाकी सामान चिखलात गेले, हा माळ्यावर होता म्हणून वाचला. गेल्या दिवाळीत पुतण्याने तो खाली काढला. एक सेकंदावर शटर उघडले की मिटायचे नावच घेईना. पठ्ठ्याने शिवणयंत्राचे तेल सोडले. दुसऱ्या दिवशी सगळ्याच स्पीडला पाती जाम!

या कॅमेऱ्याचे शटर भिंगांच्या मधोमध बसवलेले असते. त्याची पातळ पाती कोरडीच सरकायला हवीत, तेल लागले की ती एकमेकींना धरून बसतात. सेकंदाचा वेळ मोजतात ती आतली इवलीशी दातेरी चाके, आणि जड होते ते त्यांच्यावरचे जुने ग्रीस. अशा वेळी रोल न घालता एक सेकंदावर चाळीस-पन्नास वेळा शटर दाबून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी रुळावर येते. आमच्या बाबतीत मात्र पुढचे भिंग उतरवून लायटरच्या पेट्रोलने पाती चार वेळा पुसावी लागली. रात्री पुसावे, तर सकाळी पुन्हा पात्यांवर तेलाची चंद्रकोर हजर.

बाकीची दुखणी किरकोळ. मागच्या दाराचा फोम विरघळून डांबरासारखा झाला होता. तो स्पिरिट लावलेल्या दातकोरणीने खरवडला आणि खाचेत सौ.च्या स्वेटरची उरलेली काळी लोकर बसवली. उजेड आत शिरत नाही. सेलच्या खणातला हिरवा गंज लिंबाच्या रसाने निघाला.

सेलचे प्रकरण जरा वेगळे. मूळचा १.३५ व्होल्टचा सेल पाऱ्याचा, तो पर्यावरणापायी केव्हाच बंद झाला. त्याच आकाराचा दीड व्होल्टचा मिळतो, पण त्यावर कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे मीटर उजेड जास्त दाखवते आणि फोटो काळवंडतात. मी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घालतो, १.४ व्होल्टचा. खणात तो सैल पडतो, म्हणून भोवती नळाचा रबरी वायसर. स्टिकर काढला की वापरा न वापरा, दोनेक महिन्यांत संपतो. पण मीटर खरे बोलते. वरचे झाकण मात्र आठवणीने मिटावे, ते उघडे असेतो मीटर चालूच राहते.

पुढच्या रविवारी त्या तेलाच्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. पुतण्याने लेखाचे कात्रण काढून ठेवले आहे आणि येता-जाता माझ्यापुढे धरतो, “काका, बघा, पेपरात पण तेच लिहिलंय.”

आपला,
एक जुना स्टुडिओवाला, चिपळूण