नमुना नीट घेणाऱ्या आणि नीट पाठवणाऱ्या सहकाऱ्यांना

सप्रेम नमस्कार.

पीसीआरच्या, म्हणजे नमुन्यातल्या जंतूच्या डीएनए-आरएनएच्या असंख्य प्रती करून तो हेरणाऱ्या चाचणीच्या, अहवालावर सही आमची असते. रुग्णाच्या घशातला स्वॅब, गाईच्या जिभेवरच्या फोडाचे कातडे, मेलेल्या कोंबडीच्या श्वासनलिकेतला स्राव कोणी घेतला, कोणत्या वेळी घेतला, कशात घालून पाठवला, याचा त्या कागदावर क्वचितच उल्लेख होतो. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. रुग्णांचे नमुने घेणारे आरोग्य कर्मचारी, गोठ्यात आणि खुराड्यात उतरणारे पशुवैद्यक, त्यांचे मदतनीस, अशा तुम्हा सर्वांचे आभार मानायचे आहेत. मोघम आभारांना अर्थ नसतो, तेव्हा नेमके कशाबद्दल ते सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी, फॉर्मवरच्या एका रकान्याबद्दल: लक्षणे सुरू झाल्याची तारीख. हा रकाना तुम्ही रिकामा सोडत नाही आणि त्यावरच आमचे अर्धे विचार चालतात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये जिवाणू पहिल्या आठवड्यात रक्तात असतो, नंतर तिथून ओसरतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून लघवीत दिसू लागतो. दहाव्या-बाराव्या दिवशीच्या रक्तावर पीसीआर निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ ‘आजार नाही’ असा लावताच येत नाही. तारीख लिहिलेली असली की आम्ही लगेच लघवी मागवतो आणि सोबत अँटिबॉडीची तपासणी सुचवतो. लघवी आम्लधर्मी असेल तर हा जिवाणू त्यात टिकत नाही, म्हणून ती घेतल्या घेतल्या पोचवण्याची तुमची घाई आम्हाला फार मोलाची वाटते. अँटिबायोटिक आधीच सुरू झाले असेल तर तेही तुम्ही लिहिता. निगेटिव्ह निकाल वाचताना आम्हाला ते लागतेच.

जनावरांत तर कोणत्या दिवशी कोणता नमुना, हेच निदान ठरवते. लाळ्या खुरकुतीत ताज्या किंवा नुकत्याच फुटलेल्या फोडाचे किमान एक ग्रॅम कातडे मिळाले की काम सोपे होते. ते तुम्ही ग्लिसरीन आणि फॉस्फेट बफरच्या समसमान मिश्रणात पाठवता आणि मिश्रणाचा पीएच ७.२ ते ७.६ आहे ना, हे आधी बघता. हा विषाणू आम्लात चटकन नष्ट होतो, त्यामुळे साध्या सलाइनमध्ये किंवा जुन्या, पीएच घसरलेल्या द्रावणात आलेला सुंदर नमुनाही वाया जाऊ शकतो. फोड भरून गेल्यावर मात्र तोंडाच्या वरवरच्या स्वॅबवर विसंबता येत नाही. विषाणू घशाच्या मागच्या भागात २८ दिवसांनंतरही राहू शकतो आणि तिथपर्यंत पोचायला प्रोबँग कपच, म्हणजे लांब दांडीचा खरवडणारा कप, लागतो. अंगावर घ्यायला हे काम सोपे नाही. जनावर धरणारे, कप फिरवणारे आणि दोन जनावरांच्या मध्ये कप निर्जंतुक करून धुणारे, असे सगळे हात त्यात गुंतलेले असतात.

लम्पीत रक्तातला विषाणू थोडेच दिवस आणि तोही खंड पडत सापडतो. गाठीच्या कातड्यात आणि खपलीत त्याचा डीएनए कित्येक आठवडे टिकतो. म्हणून नुसत्या ईडीटीए (गोठू न देणारे रसायन) घातलेल्या रक्तावर न थांबता तुम्ही गाठीचा तुकडाही जोडता, तेव्हा निदान हुकण्याची शक्यता खूप घटते. लस कधी दिली हेही तुम्ही लिहिता, हे विशेष. जिवंत लसीचा विषाणूही साध्या पीसीआरमध्ये पॉझिटिव्ह येतो. लसीचा आणि रोगाचा विषाणू वेगळा ओळखणारी चाचणी लावायची की नाही, हे आम्ही त्या तारखेवरून ठरवतो.

आता नळ्या आणि काड्यांबद्दल. ही बाब किरकोळ वाटते, पण आमच्या अनुभवात मॉलिक्युलर तपासणी इथेच सर्वांत जास्त फसते. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असते. त्याच्यावर डीएनएसारखाच ऋण भार असतो, त्यामुळे अर्क काढताना ते डीएनएबरोबरच वाहत येते आणि पॉलिमरेजला, म्हणजे डीएनएच्या प्रती करणाऱ्या विकराला, अडवते. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी चालते, पण ती खुणेपर्यंत भरलेली हवी. रक्त कमी पडले की ईडीटीएचे प्रमाण वाढते, ते मॅग्नेशियम बांधून ठेवते आणि मॅग्नेशियमवाचून पॉलिमरेज चालत नाही. भरलेली नळी तुम्ही जोराने हलवत नाही, हळूच आठ-दहा वेळा उलटसुलट करता. तांबड्या पेशी फुटल्या तर त्यातला हीमही पॉलिमरेजचा शत्रूच. स्वॅब घेताना लाकडी दांडीची किंवा कॅल्शियम अल्जिनेटची काडी तुम्ही बाजूला ठेवता आणि प्लास्टिक दांडीची, नायलॉन किंवा पॉलिएस्टर टोकाची काडी वापरता. विष्ठेचा नमुना वाटाण्याएवढाच पाठवता. डबी गच्च भरून पाठवली की पित्तक्षार आणि गुंतागुंतीच्या शर्करा इतक्या येतात की डीएनए वेगळा करणारा स्तंभ तुंबतो आणि आमची प्रक्रियाच अडते.

फॉर्मेलिनबद्दल स्वतंत्र धन्यवाद. एकाच अवयवाचे दोन तुकडे, एक १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी आणि दुसरा ताजा, वेगळ्या डबीत पीसीआरसाठी, असे तुम्ही करता. फॉर्मेलिन न्यूक्लिक आम्ल प्रथिनांशी जखडून टाकते आणि त्याचे तुकडे करते. अशा तुकड्यातून फार तर छोटा भाग वाढवता येतो, सिक्वेन्सिंगची, म्हणजे जनुकांचा क्रम वाचण्याची, आशा मावळते. आरएनए टिकवणाऱ्या द्रावणातही तुकडा अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नसावा आणि द्रावण त्याच्या किमान पाच पट असावे. जाड तुकड्याच्या आतपर्यंत द्रावण पोचण्याआधीच तिथला आरएनए तुटून जातो.

थंडीची साखळी तुम्ही सांभाळता तीही डोळसपणे. श्वसनमार्गाचे स्वॅब २ ते ८ अंशांत ७२ तासांच्या आत पोचणार असतील तर तसेच, आणि त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांखाली. घरगुती फ्रीजरमध्ये गोठवायचे, प्रवासात वितळू द्यायचे आणि पोचल्यावर पुन्हा गोठवायचे, हा प्रकार सर्वांत वाईट. प्रत्येक वेळी आरएनए आणखी तुटतो. कोरडा बर्फ वापरता तेव्हा नळ्यांची झाकणे घट्ट बंद करून त्यावर पट्टी लावता, कारण कार्बन डायऑक्साइड आत शिरला की द्रावण आम्ल होते. बाहेरचा खोका मात्र हवाबंद करत नाही, नाहीतर साचलेल्या वायूने तो फुटेल. आत गळतीरोधक नळी, तिच्याभोवती द्रव शोषणारा कापूस, दुसरे गळतीरोधक पात्र, मग कडक बाहेरचा खोका आणि त्यावर यूएन ३३७३ ची, म्हणजे आत जैविक नमुना असल्याची, खूण. फॉर्म दुसऱ्या पात्राच्या बाहेर, प्लास्टिकच्या पिशवीत. नळी फुटलीच तरी कागद वाचता येतो आणि खोका उघडणाऱ्याचे हात सुरक्षित राहतात.

याच ओघात मनापासूनचे आभार आणखी एका सवयीबद्दल. गाभडलेल्या जनावराची वार, गर्भाच्या पोटातला द्रव किंवा लांबलेल्या तापाच्या रुग्णाचे रक्त पाठवताना तुम्ही फॉर्मच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘ब्रुसेलाचा संशय’ लिहिता. प्रयोगशाळेत लागण होणाऱ्या जिवाणूंमध्ये ब्रुसेला अग्रभागी आहे. तो हवेतून, सूक्ष्म तुषारांतून शरीरात जातो. संशय लिहिलेला असला की खोका जैवसुरक्षा कपाटातच उघडला जातो, नमुना आधी निष्क्रिय केला जातो आणि कल्चरची प्लेट कोणी उघड्या टेबलावर हुंगून बघत नाही. तुमच्या त्या दोन शब्दांनी प्रयोगशाळेतली माणसे आजारी पडण्यापासून वाचतात. यासाठी आभार हा शब्द अपुराच आहे.

नमुना आमच्याकडे आल्यावर काय होते, तेही तुम्हाला ठाऊक असावे, कारण आमचा ‘पुन्हा नमुना पाठवा’ हा निरोप तुमचे कष्ट दुप्पट करतो. प्रत्येक नमुन्यात आम्ही लक्ष्य जनुकाबरोबर एक आतला नियंत्रकही बघतो. मानवी स्वॅबमध्ये बहुधा आरएनेज पी, जनावरांत बीटा-अॅक्टिन. स्वॅबला पेशी लागल्याच नसतील तर हा नियंत्रक फार उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि अशा निगेटिव्ह निकालाला आम्ही निगेटिव्ह म्हणत नाही. नाकात काडी पुरेशी आत नेऊन ती फिरवणे आणि काही सेकंद थांबणे, या तुमच्या धीराचा परिणाम आम्हाला या आलेखात स्पष्ट दिसतो. नियंत्रक उशिरा आला आणि नमुना रक्ताळलेला किंवा विष्ठेचा असेल तर अर्क दहापट पातळ करून पुन्हा लावतो. सगळे सुरळीत असेल तर सीटी, म्हणजे कितव्या चक्राला लक्ष्य दिसू लागले तो आकडा, साधारण ३.३ चक्रांनी पुढे सरकायला हवा. तो तेवढा न सरकता उलट अलीकडे आला तर अडथळा आणणारा घटक होता, हे कळते. पातळ करूनही उलगडा झाला नाही, तेव्हाच तुम्हाला फोन जातो. तो फोन तुम्ही त्रासिक न होता घेता आणि पुन्हा त्या रुग्णाकडे, त्या गोठ्याकडे जाता, हे आम्ही गृहीत धरलेले नाही.

रेबीजच्या संशयित रुग्णात तर पुन्हा नमुना हा नियमच आहे. लाळेत विषाणू सतत नसतो, खंड पडत येतो, म्हणून काही तासांच्या अंतराने तीन तरी नमुने घ्यावे लागतात, सोबत मानेच्या मागच्या केसांच्या रेषेवरची त्वचा, केसांच्या मुळांसकट. मेलेल्या जनावरात मेंदूच्या देठाचा आडवा, दोन्ही बाजू येतील असा पूर्ण छेद आणि लहान मेंदू लागतो, कारण विषाणू एकाच बाजूला असू शकतो. देठ नसलेल्या नमुन्यावर आम्ही निगेटिव्ह लिहू शकत नाही. कवटी उघडून हा भाग शाबूत काढण्याचे कसब ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यामुळे चावलेल्या माणसाच्या उपचारांबद्दल खात्रीने बोलता येते.

दूषितीकरणाची काळजी तुम्ही आमच्याइतकीच घेता. पीसीआर थोडक्या रेणूंनाही हेरते, म्हणून एका जनावराचे हातमोजे दुसऱ्याला गेले तर रोग नसलेले जनावर कागदावर रोगी ठरते. शवविच्छेदनाची हत्यारे केवळ अल्कोहोलने पुसून डीएनए जात नाही. ताजे, ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट दहा मिनिटे आणि नंतर पाण्याने स्वच्छ धुणे, हे तुम्ही पाळता. एक धोका मात्र कायम ध्यानात असू द्या: काही वाहक द्रावणांत विषाणू निष्क्रिय करणारे ग्वानिडीन असते, त्यावर ब्लीच ओतले तर विषारी वायू तयार होतो. अशी नळी सांडली तर आधी पाणी आणि साबण. काहीजण प्रत्येक खेपेबरोबर एक कोरी नळीही पाठवतात. त्याच ठिकाणी उघडलेली, कशालाही न लावलेली काडी त्याच द्रावणात घातलेली. ती निगेटिव्ह आली की बाकीच्या पॉझिटिव्हवर आमचा विश्वास बसतो. हा शहाणपणा आम्ही कुणाला शिकवला नव्हता, तो तुमचाच.

आणि शेवटी फॉर्मच्या तळाशी तुम्ही आपणहून लिहिता त्या ओळी. ‘घरात गाई आहेत, दूध न उकळता पितात’, मानेच्या गाठीतला क्षय असलेल्या रुग्णाच्या फॉर्मवर ही ओळ असली की आमची दिशाच बदलते. जीनएक्स्पर्टसारखी चाचणी क्षयाच्या जिवाणूंचा पूर्ण समूह पकडते, त्यातला नेमका कोण हे सांगत नाही. मायकोबॅक्टेरियम बोव्हिसवर पायराझिनामाइड मुळातच चालत नाही आणि हे औषध क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांपैकी एक आहे. म्हणजे ओळख चुकली तर रुग्णाला एक निरुपयोगी गोळी मिळत राहते आणि गोठ्यातला स्रोत तसाच राहतो. ती ओळ वाचून आम्ही जनुकसंचातले दोन भाग तपासतो. आरडी९ आणि आरडी४ दोन्ही असतील तर मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिसकडे बोट जाते. दोन्ही नसतील तर बोव्हिस, किंवा त्याच्यापासूनच तयार केलेली बीसीजी, आणि बीसीजीत आरडी१ही नसतो, त्यावरून त्या दोघांतला फरक कळतो. आरडी९ नाही पण आरडी४ आहे, असे दिसले तर समूहातल्या आणखी कुणाचा तरी शोध घ्यावा लागतो. गाठीतला स्राव तुम्ही सलाइनमध्ये पाठवला, फॉर्मेलिनमध्ये बुडवला नाही, म्हणून हे सगळे शक्य होते.

डॉक्टर आणि पशुवैद्यक या दोघांचे फॉर्म एकाच घरातून आमच्या टेबलावर येतात तेव्हा त्यावर एकमेकांचे नमुना क्रमांक लिहिलेले असतात, ही प्रथाही तुम्हीच पाडलीत. त्यामुळे माणसाचा आणि जनावराचा अर्क शेजारी ठेवून सिक्वेन्स जुळवता येतो. ती कृपया चालू ठेवा. आणि फोन क्रमांकाच्या रकान्यात रात्रीही उचलला जाईल असा क्रमांक द्या. बर्ड फ्लू किंवा रेबीज पॉझिटिव्ह आला तर छापील अहवालाची वाट न बघता आम्ही आधी तुम्हालाच कळवणार आहोत.

कृतज्ञतापूर्वक,
मॉलिक्युलर निदान प्रयोगशाळेतील तुमचे सहकारी