पहिला नंबर आणि लेहरा

अंबाजोगाई

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी योगेश्वरीच्या देवळातून परतत होतो. 'बाबा, कन्चेर्टो स्पर्धेत निवड झाली, ऑर्केस्ट्रासोबत वाजवायचंय,' एवढं ऐकलं आणि रस्त्यातच थांबलो. कन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि अख्खा ऑर्केस्ट्रा साथीला, एवढं आता मलाही कळतं. तुझ्या आईनं आधी देवापुढे साखर ठेवली, मग रडली. तुझ्याबरोबर निवडलेली ती चेलोवाली मुलगी आणि मोझार्ट वाजवणारा क्लॅरिनेटवाला मुलगा, दोघांनाही आमचे आशीर्वाद सांग. क्लॅरिनेट आपल्याला ठाऊक ते वरातीच्या बँडमधलं. मोझार्टनं १७९१ साली, मरणाआधी दोनेक महिने, त्या वाद्यासाठी कन्चेर्टो लिहिला हे मला तुझ्यामुळे कळलं.

माय, पाश्चात्त्य पद्धतीनं व्हायोलिन वाजवायला तू मांडी मोडून उभी राहिलीस तेव्हा मला वाईट वाटलं होतं. व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून यमन वाजवणारी पोर आता दुसऱ्यानं लिहून ठेवलेले सूर वाजवणार, त्यात हिचं स्वतःचं काय उरणार, असं मनात यायचं. ते माझं चुकलं. गेला महिनाभर मी रोज रात्री तू वाजवणार आहेस तो मेंडेल्सोनचा ई मायनर कन्चेर्टो ऐकतोय. १८४५ साली लाइपझिगला तो पहिल्यांदा वाजला, असं तूच सांगितलंस. पहिल्या भागात मधेच सगळे गप्प होतात आणि व्हायोलिन एकटं वाजतं. ते चांगलंच आहे, पण माझा जीव अडकलाय त्याच्या पुढच्या जागेत. ऑर्केस्ट्रा परत येतो, मूळ चाल तो उचलतो, आणि व्हायोलिन थांबत नाही. गज तारांवर उड्या घेत खालून वर, वरून खाली फिरतच राहतो. म्हणजे जिच्यासाठी सगळी मैफल मांडली तीच साथीला जाते! तबल्याच्या एकलवादनाला मी पेटीवर लेहरा धरतो ना, तीच ती चाल पुन्हा पुन्हा वाजवून ताल सांभाळतो, तसा तिथे तू लेहरा धरतेस. वीस वर्षं लेहरा धरलेल्या माणसाला ती जागा ऐकून काय वाटलं असेल, तुला कळेल.

म्हणूनच तुझी दुसरी गोष्ट मनाला लागली. पहिल्या फेरीत ऑर्केस्ट्राच्या जागी पियानो होता, दोन ओळी तुझ्या डोक्यातून गेल्या, तू पुढेच उडी मारलीस आणि पियानोवालीनं तुझ्याबरोबर उडी मारून सांभाळून घेतलं. हे सांगताना तुझा आवाज बारीक झाला होता. 'नंबर माझा नाहीच,' म्हणालीस.

सातवीत असताना आपण देवगिरीचा किल्ला चढलो होतो, आठवतं? अंधारीत तू माझा हात सोडत नव्हतीस. त्याच देवगिरीवर तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. तोही माझ्यासारखा हिशेबाच्या खात्यातला माणूस, आणि त्यानं 'संगीतरत्नाकर' हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला. त्यात वृंदाचं, म्हणजे मिळून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ताफ्याचं, वर्णन आहे. उत्तम वृंदात मुख्य गाणारे चार, त्यांना साथ देणारे आठ, गायिका बारा, बासरीवाले चार, मृदंगवाले चार. पुढे वृंदाचे सहा गुण सांगितलेत. मुख्याच्या मागे जाणं, एकमेकांत मिसळणं, तालात लीन होणं हे आहेच. पण त्यातच एक आहे 'मिथस्त्रुटितनिर्वाह'. एकाचं तुटलं की दुसऱ्यानं ते निभावून न्यायचं. शार्ङ्गदेवानं ते उणं म्हणून नाही, गुण म्हणून मोजलंय.

एकादशीच्या भजनात आपण हेच करतो. बुवांचा शब्द अडला की टाळकरी ध्रुपद उचलतात, तेवढ्यात बुवा सावरतात आणि बसलेल्या बायाबापड्यांना काही कळतही नाही. बुवांना त्याची लाज वाटलेली मी कधी पाहिली नाही. पुढच्या अभंगाला ते त्या टाळकऱ्याकडे बघून मान हलवतात, एवढंच. नंबर तुझाच आहे, लेकरा. परीक्षकांनी तुझं तुटलेलं ऐकलंच असेल, त्यापुढचंही ऐकलं असेल.

ऑर्केस्ट्राच्या तालमी सुरू झाल्या की त्या लेहऱ्याच्या जागेला तुझं वाजवणं चालू ठेवून बासऱ्यांकडे कान दे. त्यांना घाई झाली तर तुलाच धरून ठेवावं लागेल.

कार्यक्रमाची आपल्याकडची वेळ कळव. रात्री वीज गेली तर म्हणून फोन भरून ठेवीन. तिकडे निघालेल्या एका ओळखीच्यांच्या हाती आई शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. दोन पुड्या आहेत. एक तुझी, दुसरी त्या पियानोवालीची. तिखट जरा बेतानं घातलंय, असं तिला सांग.

तुझे
बाबा