खुर्ची उचलून दादाच्या शेजारी जाऊन बसलीस, त्याबद्दल

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या भाचीला,

नाव लिहीत नाही कारण तूच नको म्हणालीस, लॅबचंही नको म्हणालीस. ठीक आहे. खारेगावातल्या आमच्या बिल्डिंगमधल्यांना कळेलच कोण ते, बाकीच्यांना कळून काय करायचंय. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असशील म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस ती खरं तर काकूंनी डबा द्यायला पाठवलं म्हणून. आणि आईने तुला अडकवलं. भाची बंगळुरूला स्टेम सेलच्या (म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा पेशींच्या) संशोधनात आहे हे काकूंनी सांगून ठेवलेलं, आणि आमच्या घरात त्या महिन्यात स्टेम सेल हा शब्द आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटला जात होता. नवी मुंबईतल्या एका चकाचक सेंटरने दादाच्या बायपोलरसाठी (कधी मनाला उधाण येतं, कधी ते पार खचतं, तो आजार) तीन स्टेम सेलची इंजेक्शनं सांगितलेली, साडेचार लाख. एसी वेटिंग रूम, मशीनची कॉफी, भिंतीवर हसऱ्या फॅमिलीचे फोटो. आई बाबांच्या पैशाची एफडी मोडायला निघालेली आणि एकवीस हजार अ‍ॅडव्हान्स भरूनही झालेला (तो काही परत आला नाही, येणारही नाही).

तर त्या दिवशी आम्ही सगळे डायनिंग टेबलाशी, आणि दादा नेहमीसारखा गॅलरीच्या दारात स्टुलावर, पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून. आई सुरू झाली, याला ना बावीस वर्षं झाली, हा ना रात्र रात्र जागतो, याला ना काही सांगायची सोय नाही. आमच्याकडे कोणी आलं की असंच बोलतात, मी पण बोलते, तो चार फुटांवर बसलेला असताना, जसा काही फ्रिज बिघडलाय आणि मेकॅनिक आलाय. तू आईला तोडलं नाहीस. उठलीस, ती लाल प्लास्टिकची खुर्ची उचललीस (ओढली नाहीस, कारण ती खूप किरकिरते आणि त्याला तो आवाज सहन होत नाही, हे तुला कुठून कळलं देव जाणे) आणि दादाच्या शेजारी नेऊन बसलीस. आणि विचारलंस, "दादा, बोलणं तुमच्याबद्दल चाललंय, मी त्यावर बोलले तर चालेल का?"

दादाने आधी मागे वळून बघितलं, कोणाला विचारतेय म्हणून. मग म्हणाला, "चालेल."

बस. मी हे पत्र त्या खुर्चीसाठी लिहितेय, बाकी सगळं त्याच्या मागून आलं. बावीस वर्षांत किती डॉक्टर झाले, दोन बाबा झाले, एक ज्योतिषी झाला, "तुमच्या माहेरचंच आहे ते" असं आईला भर लग्नात सुनावणारी आत्या झाली (मामाला पण असाच काहीतरी त्रास होता, तेव्हा नाव कुणाला माहीत नव्हतं), पण त्याला विचारून त्याच्याबद्दल बोलणारं कोणी झालं नाही. तू नंतर म्हणालीस की त्यात काय, आमच्याकडे सॅम्पल घ्यायच्या आधी त्या माणसाला सगळं समजावून त्याची सही घ्यावीच लागते, सवय झालीय. असेल सवय. आम्हाला नव्हती.

मग तू समजावलंस ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते, चुकलं तर सांग. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या पेशी काही काढून बघता येत नाहीत आणि उंदराला विचारता येत नाही की बाबा तुला मॅनिया, म्हणजे ते उधाण, आलाय का. म्हणून रक्तातल्या नाहीतर कातडीच्या पेशी घेतात, त्यांच्यात चार जीन्स (जनुकं) घालून त्यांना अगदी सुरुवातीच्या, काहीही बनू शकेल अशा अवस्थेत परत नेतात, आणि मग त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवतात. जपानच्या शिन्या यामानाकांनी हे मागे नेणं २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर करून दाखवलं, २०१२ मध्ये नोबेल मिळालं. आई म्हणाली, "म्हणजे दह्याचं परत दूध करायचं आणि मग त्याचा खवा." तू इतकी हसलीस की आईला वाटलं तिचं काहीतरी चुकलं, पण तू म्हणालीस आजी, यापुढे मी हेच सांगणार. आणि त्या पेशींना रोज खाऊ बदलून द्यावा लागतो, रविवारी पण लॅबमध्ये जावं लागतं, हे ऐकल्यावर तर आईला तू कुणा तान्ह्या बाळाला घरी ठेवून आलीयस असंच वाटायला लागलं.

पण खरी गोष्ट लिथियमची. दादा पहिली सहा वर्षं लिथियमवर होता, बायपोलरमध्ये मूड ताब्यात ठेवायला देतात ते औषध. गोळी चुकवली नाही, आई समोर उभी राहून द्यायची. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचो, लेव्हल ०.८ वगैरे, म्हणजे रेंजमध्ये. तरी त्याला अटॅक यायचेच, रात्री तीनला उठून सगळ्या बिल्डिंगचे जिने धुवायला घ्यायचा, एकदा कळवा स्टेशनला सापडला. आणि तेव्हाचे आमचे डॉक्टर, रिपोर्ट समोर ठेवलेला असताना, म्हणायचे हा गोळ्या थुंकत असणार, घरी नीट लक्ष द्या. आईला म्हणायचे. भर ओपीडीत, मोठ्याने. ती बाहेर येऊन रडायची आणि दादा मात्र काही बोलायचा नाही, नुसता चप्पल शोधत बसायचा.

तू मोबाईल दादाच्या हातात दिलास आणि दाखवलंस, काळ्या पडद्यावर हिरव्या जाळ्यासारख्या पेशी. आणि सांगितलंस की अमेरिकेत सॉल्क इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २०१५ मध्ये बायपोलरच्या मोजक्याच पेशंट्सच्या पेशींपासून अशा मेंदूच्या पेशी लॅबमधल्या बशीत वाढवल्या, तर त्या जरा जास्तच भडकत होत्या, सारखे सिग्नल सोडत होत्या. मग त्यांच्यावर लिथियम टाकलं. ज्या पेशंटना लिथियम लागू पडायचं त्यांच्या पेशी शांत झाल्या. ज्यांना लागू पडत नव्हतं त्यांच्या नाही झाल्या.

सगळे गप्प. दादा फोटो मोठा करून बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे बशीतल्या पेशीला पण ते डॉक्टर म्हणणार, गोळी थुंकली."

ताई गं (आता ताईच म्हणते), मी माझ्या भावाला इतक्या वर्षांनी जोक करताना ऐकलं. आई हसता हसता रडायला लागली. तिला नीट कळलं की नाही माहीत नाही पण तिने तुला तीनदा विचारलं, "म्हणजे माझं लक्ष होतं ना?" आणि तू तीनदा सांगितलंस, होतं आजी.

आणि त्यानंतर तू जे बोललीस त्यासाठी तर धाडस लागतं. म्हणालीस की याचा दादांना आत्ता काहीच उपयोग नाही. ही टेस्ट नाही, लॅबमध्ये करून औषध ठरवता येत नाही, अभ्यास चालू आहे, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या हॉस्पिटलने तिथल्याच एनसीबीएस आणि इनस्टेम या संशोधन संस्थांबरोबर २०१६ पासून एकाच घरात अनेकांना आजार आहे अशा कुटुंबांवर काम सुरू केलंय पण उत्तरं यायला वेळ लागणार. आत्ताची औषधं चालू आहेत ती चालू ठेवा. आणि इंजेक्शनचं विचारलं तेव्हा तुझा चेहरा पहिल्यांदा कडक झाला. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांत रक्ताच्या आजारांसाठीचं ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल उपचार म्हणून विकायला परवानगीच नाही, बशीत पेशी वाढवून आजार समजून घेणं वेगळं आणि माणसाला सुई टोचणं वेगळं, एफडी मोडू नका. ज्यांनी बरं करतो म्हणून सांगितलं त्यांनी दादाकडे मान वर करून पण बघितलं नव्हतं आणि तू काहीच देऊ शकत नाही म्हणालीस आणि त्याच्या शेजारी तास-दीड तास बसलीस, चहा थंड झाला तुझा.

खरं तर अशी माणसं असतात अधूनमधून. नाक्यावरचा मेडिकलवाला आहे, दादाच्या गोळ्यांची पाकिटं तो न विचारता खाकी पिशवीत घालतो, बाकीचं गिऱ्हाईक बघत असेल तर आधी त्याचंच बिल करतो. एक टीएमटीचा, म्हणजे ठाण्याच्या बसचा, कंडक्टर होता, दादा तंद्रीत तिकिटाविना चढलेला तर ओरडला नाही, स्वतःच्या सीटवर बसवून मला फोन केला आणि मी येईपर्यंत डेपोत थांबला. यांची नावं पण मला माहीत नाहीत, विचारायचं राहूनच गेलं.

एफडी तशीच आहे. दादा आता दुसऱ्या औषधांवर बरा आहे, म्हणजे चार दिवस बरे, एक वाईट. आई परवा माझ्या नणंदेशी त्याच्याबद्दल बोलायला लागली तर त्याने गॅलरीतून नुसतं विचारलं, "मला विचारलंस का?" आई चपापली. मग विचारलं तिने.

त्याचा एक निरोप आहे. त्याला विचारायचंय की अशा अभ्यासासाठी त्याचं रक्त चालेल का, मामांची पण हिस्टरी आहे म्हणून, आणि नाही चाललं तरी राग नाही. उत्तर मला कळवू नकोस, त्यालाच फोन कर. दुपारी चारनंतर कर, त्याआधी झोपलेला असतो.